काळ्या कपड्यांतलं लग्न

बूढापारा, रायपूर
६ नोव्हेंबर २०१६

दादा,

वर काय लिहावं यातच बराच वेळ गेला. 'तीर्थरूप' लिहिलं तर तुला वाटेल टोमणा मारतेय, 'प्रिय' लिहिलं तर वाटेल काहीतरी हवंय. म्हणून नुसतं दादा.

तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि ठेवून देतोस. रविवारी आईशी बोलतोस, पण मी फोनजवळ आले की तुला नेमकं कुठेतरी जायचं असतं. बिलासपूर इथून गाडीने दोन तासांवर, आणि मी पाकिटाला डिंक लावत बसले आहे. आईने विचारलंच, "तू काहून लिहून राहिली? आजकाल कोणी लिहिते का?" म्हटलं, प्रवासाचं वर्णन लिहितेय. ते खरंही आहे. या पत्रात मागणं काही नाही, निश्चिंतपणे वाच.

कंपनीने मला ऑक्टोबरमध्ये बँकॉकला पाठवलं होतं, हे आईने सांगितलं असेलच. तांदूळ तपासायच्या नव्या यंत्रांचं दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. इथल्या उरला औद्योगिक वसाहतीच्या धुळीत नमुने झाकत बसणाऱ्या बाईला तिथल्या प्रयोगशाळेची फरशी पाहूनच दडपल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी त्यांचा राजा गेला.

सत्तर वर्षं गादीवर होता. म्हणजे आपल्या बाबांच्या वयाच्या माणसालासुद्धा दुसरा राजा आठवत नव्हता. बातमी आली तेव्हा आम्ही संध्याकाळचं जेवत होतो. माझ्याबरोबर काम करणारी पिम नावाची बाई आहे, माझ्याच वयाची. तिने काटा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. खानावळीतल्या टीव्हीवरचे रंग गेले होते, सगळं काळं-पांढरं. कोणी ओरडलं नाही. स्वयंपाकघरातला माणूस बाहेर आला, गॅस बंद केलाय असं काहीसं बोलला आणि जमिनीवर बसला.

मला रडू आलं आणि मला माझीच शंका आली. ज्या राजाचं नाव मला धड उच्चारता येत नाही त्याच्यासाठी मी कशाला रडत होते? डायरीत त्या दिवशी लिहिलंय: "हे रडणं कोणाचं आहे ते तपासायला हवं." बाबांना जाऊन तेव्हा दोन महिनेच झाले होते.

मग मी एक घोळ घातला. पिमने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की राजाचा जन्म सोमवारचा, म्हणून त्याचा रंग पिवळा, लोक सोमवारी पिवळं घालतात. मी राजा गेल्यानंतरच्या सोमवारी आदराने हळदीसारखा पिवळाजर्द कुर्ता घालून निघाले. गोल बाजारातला, दिवाळीच्या सेलचा. रस्ताभर माणसं काळ्या कपड्यांत आणि मध्ये मी, हळदीची नवरी. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. शेवटी नूडल्स विकणाऱ्या एका आजीने माझी बाही धरली आणि कोपऱ्यावर नेलं. तिथे मोठमोठ्या पातेल्यांत काळा रंग उकळत होता. शहरातलं काळं कापड संपलं होतं, म्हणून लोक घरचे कपडे आणून रंगवून नेत होते, फुकट. मला कोणाचा तरी सदरा दिला घालायला. माझा कुर्ता त्या पातेल्यात बुडाला आणि काठीने ढवळणारा माणूस माझ्याकडे बघून हसला. त्या आठवड्यात मी पाहिलेलं पहिलं हसू ते.

मला वाटलं होतं, दुःख म्हणजे माणसं घरात बसतात. तिथे दुःखात सगळे कामाला लागले होते. कोणी पाणी वाटतंय, कोणी भात, मोटारसायकलवाले म्हाताऱ्यांना राजवाड्यापर्यंत पोचवतायत. बाबा गेले तेव्हा तूही तेरा दिवस असाच राबलास. खांदा दिलास, अग्नी दिलास, पानं मांडलीस. कोणाशी बोलला नाहीस. आणि तेराव्याला सगळ्यांसमोर एवढंच म्हणालास की आता वर्षभर या घरात काही मंगल होणार नाही.

दिवाळी झाली. आपल्याकडे यंदा काही केलं नाही. शेजाऱ्यांनी फराळाचे डबे आणून दिले. आईने चकली मोडून बघितली आणि "तेल कच्चं राहिलं" म्हणाली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

बँकॉकमधल्या शेवटच्या रविवारी मी कुठे गेले होते, ते राहू दे.

चित्रा


बूढापारा
२७ नोव्हेंबर २०१६

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होते. पण पोस्टमनची सायकल वाजली की मी खिडकीशी जाते, तेव्हा ते खोटं ठरेल.

हे पत्र मनातल्या मनात बँकेच्या रांगेत लिहून झालंय. नोटाबंदीच्या रांगा तिकडेही असतील. इथे बूढा तलावापासून वळण घेऊन रांग येते. उभ्या उभ्या मला तिथली रांग आठवत होती, राजवाड्यासमोरची. ती याहून कितीतरी लांब होती, आणि कोणी कोणाला ढकलत नव्हतं. पण मी तुला सगळंच गोड सांगितलं तर ते खरं होणार नाही. एकदा चहाच्या टपरीवर एक तरुण वाढपी रंगीत टी-शर्ट घालून आला. चार जणांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो घाईने आत गेला, दंडावर काळी फीत लावून आला. त्याला दुःख होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं की त्याला विचारलं गेलं नाही. दुखवटा हा कधीकधी हुकूमही होतो. हे मी डायरीत लिहिलं आणि पुढचं वाक्य खोडलं. ते तुझ्याबद्दल होतं.

आता मागणं. गेल्या पत्रात नाही म्हणाले होते, एवढ्यात बदलले.

काल बोरकुटे आले होते. दिवाकरराव, तुझ्या श्रावणीला मागणी घालणाऱ्या पुष्करचे वडील. तू त्यांना एकदाच पाहिलं आहेस, तेही बाबांच्या बैठकीत दारात उभा राहून. रेल्वेतून निवृत्त झालेत, पण अजून घड्याळ बघत बोलतात. चहा घेतला, बाबांच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले,

"मी काई घाई करून नाही राहिलो जी, ताई. मास्तर गेले, म्हंजे आमच्याच घरचे गेले. पन वर्साच्या आत झालं नाही तं मंग तीन वर्सं. तीन वर्सात पोट्टा तेहतीसचा होते. अन् माही माय नव्वदीले टेकली. तिले नातसून पाहाची हाय."

आई म्हणाली, "रेल्वेवाल्यायले वाट पाहाची सवय असते."

"काकू, गाडी लेट असली तरी अनाउन्समेंट तं होते ना! इथं थेही नाही. भाऊसाहेबाले सांगा, हो म्हना, नाही म्हना, पन काहीतरी म्हना."

आईला हसू आलं, मग रडू आलं. श्रावणी आत कपाटाशी उगाच कपडे लावत होती.

तू त्या दिवशी 'वर्षभर काही नाही' म्हणालास आणि सगळ्यांनी मान डोलावली. बापासाठी मुलगा असं म्हणाला तर कोण नाही म्हणणार? पण रिवाज तुलाही ठाऊक आहे. वर्षाच्या आत लग्न चालतं, उलट करावंच असं म्हणतात. ते निसटलं की तीन वर्षं. श्राद्ध ऑगस्टमध्ये, पण आषाढीनंतर मुहूर्त नाहीत. म्हणजे जूनअखेरपर्यंत. तू काही केलं नाहीस तरी ते 'नाही'च ठरतं. तुझी मुलगी माझ्याजवळ राहते, इथे नोकरी करते, रोज संध्याकाळी घरी येते आणि विचारत नाही. ते न विचारणं मला ऐकू येतं.

तिला म्हटलं, मी पापाला लिहिते आहे. ती म्हणाली, "लिखती रहो आत्या. पापा पूरा पढ़ेंगे, दो बार पढ़ेंगे, फिर भी कुछ नहीं बोलेंगे."

तुला ती किती ओळखते बघ.

चित्रा


बूढापारा
१५ जानेवारी २०१७

दादा,

काल संक्रांत. आपल्याकडे तिळगूळ केला नाही. पण आईने माझा तो काळा कुर्ता शोधून काढला आणि दोरीवर झटकला. "दुखात कोणी काळं घालते का? काळं संक्रांतीले घालाव." मी तो घातला. रंग उतरलेला नाही. काखेत मात्र एक ठिपका पिवळा राहिला आहे. ढवळणाऱ्या माणसाचं तेवढं राहून गेलं.

तो घालून मी दिवसभर त्या रविवारचा विचार करत होते, जो तुला सांगितला नाही. सांगून टाकते. मी त्या दिवशी एका लग्नाला गेले होते.

पिमच्या धाकट्या बहिणीचं. तारीख सहा महिन्यांपूर्वी धरलेली. राजा गेला आणि त्यांच्या घरात दहा दिवस हाच वाद, करायचं की पुढे ढकलायचं. पिमने मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, माझे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले, आम्ही वर्षभर मंगल कार्याला जात नाही. ती म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांचेच वडील दहा दिवसांपूर्वी गेले आहेत. ये तू."

मी गेले. बरोबर केलं का, ते मला अजून सांगता येत नाही. आईला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. तिने विचारलं, "जेवाले काय होतं?"

लग्न एका गल्लीतल्या घरात होतं, आपल्या बूढापाऱ्यातल्यासारख्याच. दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं, अशी गल्ली. वाजंत्री नव्हती. सगळे पाहुणे काळ्या कपड्यांत, नवरी तेवढी फिक्या पांढऱ्यात. भिक्षूंनी मंत्र म्हटले. मग सगळे राजाच्या तसबिरीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मला वाटलं आता इथून पुढे हे रडण्याचंच काम होणार. रडलेही. पण कोणीतरी नाक शिंकरलं, एका म्हाताऱ्याने खुर्ची ओढली आणि लग्न पुढे सुरू झालं.

त्यांच्यात नवरा-नवरी ओणवून बसतात, हात जोडून, आणि वडीलधारी माणसं एकेक करून शंखातून त्यांच्या हातांवर पाणी सोडतात आणि कानात काहीतरी सांगतात. खाली फुलांच्या परातीत ते पाणी साचतं. मी मागे उभी होते. पिमच्या आईने मला पुढे ढकललं. मी म्हटलं, मी दुखवट्यात आहे, माझ्या हातून नको. पिमने ते सांगितलं असावं. तिच्या आईने आपल्या काळ्या झग्याकडे बोट दाखवलं, माझ्या काळ्या कुर्त्याकडे दाखवलं आणि शंख माझ्या हातात दिला.

दादा, मी पाणी सोडलं. कानात काय सांगायचं ते सुचेना. मराठीतून म्हटलं, "सुखी राहा गं." तिने मान हलवली, जणू कळलं.

हे तुझ्यापासून लपवायचं कारण मी शोधत होते. वाटतं ते असं: तू म्हणशील, बाबांना जाऊन दोनच महिने झाले आणि ही परक्यांच्या लग्नात पाणी घालत होती. तर म्हण. निदान काहीतरी म्हण.

चित्रा


बूढापारा
५ फेब्रुवारी २०१७

दादा,

आईने आत्ता फोन ठेवला. "भार्गवने तुझ्यासाठी निरोप देला." मी गॅसवरचं दूध सोडून धावले. निरोप एवढाच: "चित्राला विचार, तिकडे मुलीच्या बापाने पाणी घातलं का."

पाच महिन्यांत हा तुझा पहिला प्रश्न. दूध उतू गेलं, शेगडी मी घासली. आता नीट आठवून लिहिते. एक शब्द पदरचा घालणार नाही.

मुलीच्या बापाने पाणी घातलं. पण सहज नाही.

तो बसचालक होता, आता निवृत्त. लग्नाला विरोध त्याचाच होता. राजाचं शव हॉस्पिटलमधून राजवाड्यात नेलं त्या दिवशी तो पहाटेपासून रस्त्याच्या कडेला बसून होता, उन्हात, आणि गाडी पुढून गेली तेव्हा त्याने कपाळ फूटपाथला टेकलं होतं. त्याच्या कपाळावर अजून खरचटल्याची खूण होती. पिम म्हणाली, तो घरात कोणाशी बोलत नाही. लग्नाच्या दिवशीही तो आत एका स्टुलावर भिंतीकडे बघत बसला होता. पाहुणे येत होते, त्याच्या खांद्याला हात लावून पुढे जात होते.

पाणी घालायची वेळ आली. पहिला मान आईबापाचा. त्याची बायको त्याच्याजवळ गेली. मला वाटलं ती समजूत काढेल, किंवा रागवेल. तिने त्याला काहीतरी विचारलं. पिमने मला सांगितलं ते असं: आईने विचारलं, "तू म्हणशील तर आत्ता थांबवते. थांबवू?" तिने खरंच विचारलं होतं, दादा. तो नाही म्हणाला असता तर तिने थांबवलं असतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तो उठला. मुलीजवळ आला. शंख एकदम कलंडवला आणि पाणी तिच्या मनगटावर, कोपरावर, पार त्याच्या स्वतःच्या काळ्या कपड्यांवर सांडलं. तो मोठ्याने रडत होता. रडणं थांबवायचा प्रयत्नसुद्धा त्याने केला नाही. आणि पाणी घालत होता. दोन्ही एकाच वेळी. मी समजत होते की आधी एक संपवायचं, मग दुसरं सुरू करायचं. इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं की संपवावं लागत नाही.

नंतर त्याने तीन ताटल्या नूडल्स खाल्ल्या. हेही लिहिते, कारण तू विचारशील.

चित्रा


बूढापारा
१९ मार्च २०१७

दादा,

दीड महिना झाला. आईशी बोलतोस त्यातून कळतं की पत्र पोचलं. पुढे काही नाही.

हे पत्र मी रागात सुरू केलं होतं. पहिली दोन पानं फाडली. मग होळीनंतर घरात एक गोष्ट घडली आणि राग दुसरीकडे गेला.

श्रावणी आणि पुष्कर कोर्टात नोंदणी करायचं म्हणत होते. मी म्हटलं, तुझ्या पापाने हो म्हटल्याशिवाय मी साक्षीची सही करणार नाही. ती चिडली. म्हणाली, "दादाजी ने तो हाँ कर दी थी ना आत्या? तो अब पापा की हाँ चाहिए किसको?"

ती बोलली आणि आत निघून गेली. मला ते वाक्य तुझ्या कानांनी ऐकू आलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत हेच झालं होतं. बाबांनी बोरकुट्यांना बैठकीत बसवून होकार दिला, पेढे वाटले, आणि तुला संध्याकाळी फोनवर कळवलं. मुलगी तुझी. तू दुसऱ्या दिवशी आलास, दारात उभा राहिलास, बाबा म्हणाले, "मुलगा चांगला आहे, मी बघितला आहे," आणि विषय संपला. तू गेलास. ऑगस्टमध्ये बाबाच गेले.

तेव्हापासून या घरात काय चाललंय ते आज मला दिसलं. रोज कोणी ना कोणी येतं. बाबांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं, निम्मा बूढापारा त्यांचा विद्यार्थी. वळणावरच्या स्टेशनरीवाल्याने तर देवांच्या रांगेत त्यांचा फोटो लावलाय आणि रोज ताजा हार. "मास्टरजी जैसा आदमी नहीं हुआ." मीही मान डोलावते. आणि खरंच नाही झाला. पण मग तू तुझं गाऱ्हाणं कुठे नेणार होतास? ज्याच्याविरुद्ध होतं तो फोटोत जाऊन बसला आणि सगळा बूढापारा हात जोडून उभा. तुझ्याकडे एकच जागा उरली जिथे तुझा शब्द चालत होता: 'वर्षभर काही नाही.'

मी चुकत असेन. तुझ्या मनातलं मी लिहू नये. पण चूक असेल तर तसं कळव, नुसतं गप्प राहू नकोस.

तिथे राजाबद्दल कोणी वावगा शब्द काढत नाही. काढायचा नसतो. प्रेम खरं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं, तरी त्या प्रेमाला एवढीच वाट मोकळी होती. मी परकी आहे, त्यांच्या घरचा न्याय मी करणार नाही. आपल्या घराचं मात्र म्हणू शकते. आपण बाबांची प्रजा नाही. आपण त्यांची मुलं आहोत. बाबांचं चुकलं, दादा. त्यांनी तुला विचारायला हवं होतं. हे म्हटलं म्हणून ते जराही लहान होत नाहीत. मला तर हे लिहिताना ते पहिल्यांदा आठवले, फोटोतले नाहीत, पायजम्याची नाडी शोधत घरभर फिरणारे, हट्टी, आपलंच खरं करणारे.

म्हणून आता मी तुला बाबांच्या होकाराबद्दल काही सांगणार नाही. तो होकार धरूच नकोस. नव्याने विचारते, आणि बोरकुट्यांनाही मी हे सांगितलं आहे. श्रावणीचं लग्न पुष्करशी करावं का? तू नाही म्हणालास तर मी सही करणार नाही, तिला तोंडावर सांगितलं आहे, तिने चार दिवस माझ्याशी अबोला धरला. हो म्हणालास तर जूनमध्ये करू, बिनवाजंत्रीचं. रडायचं असेल तर रडू.

थांबवू?

चित्रा


बूढापारा
३० एप्रिल २०१७, दुपार

दादा,

तू पलीकडच्या खोलीत घोरतो आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. सवय लागली म्हणायची. समोरासमोर तू आलास की मला 'पाणी देऊ का' याच्या पुढे जाता येत नाही.

तू सकाळच्या गाडीने न कळवता येशील असं मला वाटलं नव्हतं. क्षमावहिनी मागे सामान घेऊन आणि तू पुढे रिकाम्या हातांनी, लहानपणी परीक्षेहून यायचास तसा. आईने दार उघडलं आणि म्हणाली, "आला? हात धू." चपला काढल्यास, पण हात धुवायला आत गेला नाहीस. थेट बाबांच्या फोटोसमोर उभा राहिलास. मला वाटलं नमस्कार करशील. श्रावणी स्वयंपाकघराच्या दारात आली होती, पीठ लागलेल्या हातांनी.

तू म्हणालास, "बाबा, तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं."

मोठ्याने. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या वनमालाकाकूंनी ऐकलं असेल इतक्या मोठ्याने.

आणि आई, जी या आठ महिन्यांत त्यांच्याबद्दल एक अक्षर कमी-जास्त बोलली नव्हती, ती मागून म्हणाली, "हव. विचारायले पाहिजे होतं. मी म्हटलं होतं त्यायले."

तू वळलास. "तू म्हटलं होतंस?"

"म्हटलं होतं ना. पन त्यायनं आयुष्यात ऐकलं कोनाचं?"

आधी कोण हसलं ते मला आठवत नाही. तू नव्हतास, तू रडत होतास. श्रावणी असावी. मग तुलाही हसू आलं, रडणं न थांबता, आणि मला एकदम त्या बसचालकाचं कपाळ दिसलं.

पुढचं तू जेवताना केलंस. वरण वाढून घेतलंस, भात कालवलास आणि ताटाकडे बघत श्रावणीला विचारलंस, "मुलगा कसा आहे?"

तिने हिंदीत सुरुवात केली, "पापा, वो..." मग थांबली, आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत, जी ती आमच्याशी कधी बोलत नाही, म्हणाली, "चांगला आहे. थोडा बोअर आहे. पण मले विचारते सगळं."

तू मान हलवलीस. "मग करू या," एवढंच म्हणालास आणि आणखी वरण मागितलंस. वहिनींच्या हातातली पळी तशीच राहिली. मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आत्ता चार वाजायचे आहेत. बोरकुट्यांना मीच फोन केला होता. त्यांनी विचारलं, "बॅन्ड नाई म्हनता, ठीक हाय. पन पोट्टे नाचतीन तं चालन का? बिनबॅन्डचे?" म्हटलं, भाऊसाहेबांना विचारा.

ते आले वाटतं. फाटकाची कडी वाजली. नव्वदीच्या माऊलीलाही स्कूटरवर मागे बसवून आणलंय, आई खिडकीतून बघून "अरे बापा" म्हणतेय. श्रावणी मला खुणेने सांगतेय, अजून पाच मिनिटं झोपू दे पापाला. पण आईने दार उघडलं, सगळ्यांना बसवलं, आणि बोरकुट्यांनी खिशातून मुहूर्ताच्या तारखा काढल्या तशी तिने हात वर करून त्यांना थांबवलं. इथे आतपर्यंत ऐकू येतंय:

"थांबा जी. चित्रा, पोट्टीच्या बापाले उठव. त्याले विचारल्याबिगर इथं कोनी काही ठरवून नाही राहिलं."

उठवते.

चित्रा